गीतपुनर्रचना (भाषाशिक्षण)

गीतपुनर्रचना म्हणजे परिचित गाण्याची चाल कायम ठेवून तिच्यावर नवे शब्द बांधण्याची क्रिया होय. भाषाशिक्षणात, विशेषतः इंग्रजीच्या सरावासाठी, तिचा उपयोग केला जातो. मूळ रचनेची थट्टा करणे हा विडंबनकाव्याचा हेतू असतो. येथे तो नसतो. ठाऊक असलेली चाल नव्या वाक्याला साचा पुरविते आणि वाक्यातील एखादा शब्द गळाला, तर ती उणीव गाताना कानाला जाणवते. हेच या पद्धतीचे मुख्य वैशिष्ट्य आहे.

पार्श्वभूमी

परिचित चालीवर नवे शब्द बसविण्याची प्रथा इंग्रजी शालेय गीतांतही जुनी आहे. जेन टेलर यांच्या १८०६ मधील ‘द स्टार’ या कवितेला एका जुन्या फ्रेंच गीताची चाल लाभली. त्याच चालीवर बांधलेले इंग्रजी मुळाक्षरांचे गाणे १८३५ मध्ये बोस्टन येथे प्रसिद्ध झाले. वाढदिवसाच्या सर्वपरिचित गाण्याची चालही मूळची बालवर्गातील आहे. अमेरिकेतील पॅटी व मिल्ड्रेड हिल या भगिनींनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सकाळच्या अभिवादनगीतावर पुढे शुभेच्छांचे शब्द बसविले गेले. इंग्रजीच्या अध्यापनात कॅरोलिन ग्रॅहम यांच्या ‘जॅझ चँट्स’ (१९७८) या पुस्तकाने तालावर वाक्ये म्हणण्याच्या पद्धतीला चालना दिली.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जातो. ग्रामीण भागातील अनेक मुलांच्या कानांवर वर्गाबाहेर इंग्रजी क्वचितच पडते, आणि मोठ्या वर्गात प्रत्येकाला बोलण्याची संधी मिळत नाही. समूहाने गाताना मात्र सर्वांच्या तोंडून एकाच वेळी वाक्य येते आणि चुकण्याचा संकोच कमी होतो.

सातारा–सांगली परिसरातील ‘चालीवर’ रचना

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या परिसराला चालीवर रचना करणे नवे नाही. जात्यावरील ओवीत ठरलेल्या चालीवर प्रत्येक स्त्री आपले शब्द घालीत असे. सांगलीजवळील हरिपूर येथे जन्मलेले गोविंद बल्लाळ देवल (‘संगीत शारदा’, १८९९) यांच्या काळातील संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या आरंभी ‘चाल’ म्हणून एखाद्या परिचित गीताचा निर्देश छापलेला आढळतो. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा घाट घेऊन त्यात शिक्षण व समतेचा आशय भरला. वाटेगाव (ता. वाळवा) येथील अण्णाभाऊ साठे यांनीही लावणी व पोवाडा या रूपांतून कामगारांचे प्रश्न मांडले. श्रोत्यांना ओळखीच्या रूपामुळे नवा आशय लवकर आत्मसात होतो, हा या परंपरेचा अनुभव इंग्रजीच्या वर्गातही उपयोगी पडतो.

पद्धत

प्रथम सर्वांना पाठ असलेली, लहान ओळींची चाल निवडली जाते. एका गाण्यातून वाक्यरचनेचा एकच प्रकार शिकवावयाचा असे ठरवून शिक्षक पहिली ओळ फळ्यावर लिहितो. विद्यार्थी गटागटाने पुढील ओळी रचतात, टाळीच्या ठेक्यावर म्हणून पाहतात, दुरुस्त करतात आणि शेवटी गातात. वाढदिवसाच्या गाण्याच्या चालीवर अपूर्ण वर्तमानकाळाचा सराव पुढीलप्रमाणे घेता येतो :

आय ॲम वॉशिंग माय हँड्स,
शी इज कोमिंग हर हेअर,
ही इज पॅकिंग हिज टिफिन,
वी आर रेडी फॉर स्कूल.

मराठीत ‘मी हात धूत आहे’ या वाक्यात हात कोणाचे हे सांगावे लागत नाही. इंग्रजीत ‘माय’ हा शब्द आवश्यक ठरतो. मराठीच्या सवयीने मुलाने तो गाळला, तर ओळीत एक स्वर रिकामा राहतो. ‘ॲम’ किंवा ‘इज’ गाळल्यासही तसेच होते. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते, इंग्रजीत ते कर्माच्या आधी येते. हा क्रमही चालीबरोबर लक्षात राहतो. पुढे विद्यार्थी याच साच्यात घरातील कामे, कराडची एस.टी., उसाची तोडणी किंवा हळदीची काढणी असे आपल्या परिसरातील विषय घालू शकतात.

आघात व उच्चार

इंग्रजीत शब्दातील ठरावीक अवयवावर जोर दिला जातो आणि वाक्यातील गौण शब्द हलके उच्चारले जातात. वरील पहिल्या ओळीत ‘वॉश’ व ‘हँड्स’ यांवर ठेका पडतो, तर ‘ॲम’ व ‘माय’ हलके राहतात. ‘हॉटेल’ व ‘पोटॅटो’ या शब्दांत इंग्रजी आघात दुसऱ्या अवयवावर आहे. तेथे ठेका पहिल्या अवयवावर बसविल्यास चुकीचा उच्चार पाठ होतो. म्हणून रचना गाण्यापूर्वी शब्दकोशातून आघात तपासणे इष्ट असते.

मर्यादा

यमक जुळविण्याच्या ओघात व्याकरणाची ओढाताण होऊ शकते. ‘ए’ व ‘द’ ही उपपदे मात्रा भरण्यासाठी घातली वा गाळली जातात. चाल केवळ अवयवांची संख्या राखते; ‘ही’च्या जागी ‘शी’ आल्यास ती चूक ठेक्यात लपते आणि शिक्षकालाच दाखवावी लागते. शिवाय पाठ झालेले वाक्य संभाषणात आपोआप येत नाही. यासाठी गाण्यानंतर तीच वाक्ये प्रश्नोत्तरांत, चालीविना, वापरून घेणे आवश्यक ठरते.

प्रताधिकार

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार गीताचे शब्द व त्याचे संगीत या दोन स्वतंत्र कृती आहेत. त्यामुळे शब्द बदलले तरी चालीवरील हक्क कायम राहू शकतो. सामान्यतः ही मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची असते. अध्यापनाच्या ओघातील वापरास कलम ५२ अन्वये काही सवलती आहेत. मात्र अशी रचना ध्वनिमुद्रित करून वर्गाबाहेर प्रसारित करणे हा निराळा प्रश्न ठरतो. म्हणून त्यासाठी पारंपरिक किंवा मुदत संपलेल्या चाली अधिक सोयीच्या असतात.