आकाशांतील मंद रेटा

अंबरनाथ येथील शिवालयाच्या शिलालेखावर शके 982, म्हणजे इ. स. 1060 च्या सुमाराचा, शिलाहारकालीन उल्लेख आहे. वालधुनी नदीकांठचें हें देवालय ज्यांनीं पाहिलें, त्यांस त्याचा गाभारा विसरतां येत नाहीं. पायऱ्या उतरून खालीं जावें आणि मान वर करावी, तों माथ्यावर शिखराऐवजीं मोकळें आकाश! पांखरें सोडलीं तर नऊशें वर्षें त्या झरोक्यावरून सूर्य, चंद्र व नक्षत्रें यांवांचून दुसरें कांहीं गेलें नाहीं. 1957 सालीं पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत गेला आणि तेथें मनुष्याच्याही वस्तु फिरूं लागल्या. त्या वर कशा न्याव्या हें लवकर साधलें; खालीं कशा आणाव्या हा विचार मात्र फार उशिरां सुचला.

2 एप्रिल 2022 च्या सायंकाळीं महाराष्ट्राच्या आकाशांतून जळत्या गोळ्यांची रांग जातांना लोकांनीं पाहिली. त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत, लाडबोरी गांवीं, सुमारें तीन मीटर व्यासाचें धातूचें कडें येऊन पडलें. आदल्या वर्षीं सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असा तज्ज्ञांचा तर्क होता. कडें माणसांवर पडलें नाहीं, हें गांवाचें दैव.

लहान उपग्रह असे जमिनीपर्यंत पोंचत नाहींत. वातावरणांतच त्यांची राख होते. त्यांचें भय वर असतें. सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगानें धांवणारी निर्जीव पेटी दुसऱ्या उपग्रहावर आदळली, तर दोहोंचे शेंकडों तुकडे होतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं घडविलेला, किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ 22 जून 2016 रोजीं श्रीहरिकोट्याहून गेला, पवईच्या आय. आय. टी.चा दहा किलोंचा ‘प्रथम’ त्याच वर्षीं 26 सप्टेंबरला. दोहोंचें कौतुक योग्यच झालें. पण मार्ग बदलण्याचें साधन दोहोंपैकीं एकाजवळही नव्हतें. पांचशें किलोमीटरांवर विरळ हवेचें घर्षण अशा वस्तूस कांहीं वर्षांत खालीं ओढतें. ‘प्रथम’ मात्र साडेसहाशें किलोमीटरांहूनही उंच ठेवलेला होता, आणि तेथें या कामास दशकें लागतात.

यावरचा एक उपाय विजेचा आहे. झेनॉन वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढून घेतले, म्हणजे ते अणु विद्युद्भारित होतात. मग विद्युत्क्षेत्र त्यांस सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगानें बाहेर फेंकतें. इंधन जाळून निघणाऱ्या वायूचा वेग सुमारें तीनच किलोमीटर. म्हणून थोडक्या वायूंत पुष्कळ काम होतें. रेटा मात्र इतका अल्प, कीं लहान यंत्राचा जोर तळहातावरील ग्रॅम-दोन ग्रॅम वजनाएवढाच! पृथ्वीवर तो कागदाचा तुकडाही नीट उचलणार नाहीं. आकाशांत तोच आठवडे, महिने चालूं ठेवला तर उपग्रहाची कक्षा हळूहळू उतरते. धीरापुढें बळाची मातब्बरी ती काय?

कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या गॉडर्डनें ती 1906 सालीं आपल्या वहींत टिपली होती. 20 जुलै 1964 रोजीं ‘सर्ट-1’ यानावरील असें यंत्र अवकाशांत एकतीस मिनिटें चाललें. रशियनांनीं ‘मीटिऑर’ उपग्रहावर 1972 सालीं हॉल-यंत्र वापरलें. भारतानें हीं यंत्रें ‘जीसॅट-4’ वर बसविलीं, परंतु 15 एप्रिल 2010 रोजीं अग्निबाणच फसला आणि उपग्रह समुद्रांत गेला. पुढें सात वर्षांनीं, 5 मे 2017 ला सोडलेल्या ‘जीसॅट-9’ वर ती विद्या भारतास साधली. तो मात्र दोन टनांहून भारी उपग्रह. लहानग्यांची पाळी त्यानंतरची. बंगळूरच्या ‘बेलाट्रिक्स’ संस्थेनें हॉल-यंत्रास लागणारें, तापविण्यावांचून पेटणारें ऋणाग्र 1 जानेवारी 2024 च्या पीएसएलव्ही उड्डाणांत परीक्षेस पाठविलें.

तें ज्या चौथ्या टप्प्यावर बसविलें होतें, तो टप्पा उड्डाणानंतर साडेसहाशें किलोमीटरांवरून साडेतीनशेंवर मुद्दाम उतरविण्यांत आला. 21 मार्च 2024 रोजीं तो वातावरणांत शिरला.