लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया आणि पश्चात्तापाचा प्रश्न

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या स्नेह्यांनी फोन करून विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला पोटाच्या ऑपरेशनशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर आहोत ते प्रबंधापुरते. आम्हाला कुणी नाडी दाखवू नये. पण या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना एक प्रश्न आमच्या मागे लागला आणि तो आमच्याच अंगणातला आहे. ‘हे केल्याचा तुम्हाला पश्चात्ताप होतो का?’ असं रुग्णाला विचारतात, तेव्हा नेमकं कुणाला विचारतात?

मराठीत या भावनेला किती शब्द आहेत पाहा. हळहळ वेगळी, चुटपुट वेगळी, रुखरुख वेगळी, खंत वेगळी. पश्चात्तापात स्वतःवर ठपका असतो; हळहळीत तो नसतो. ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका रकान्यात हे सगळं कोंबलं, की उत्तर मिळतं, पण ते कशाचं उत्तर आहे हे कळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवून आपण मागे जाऊ.

सुरुवात १९५४ सालापासून करू. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात क्रेमेन, लिनर आणि त्यांचे सहकारी कुत्र्यांवर प्रयोग करत होते. लहान आतड्याचा कोणता भाग काढला तर पोषणावर काय परिणाम होतो, हे त्यांना बघायचं होतं. त्यातून कल्पना निघाली, की अन्नाला आतड्याचा बराचसा भाग चुकवून आडरस्त्याने नेलं तर वजन उतरेल. माणसाचं लहान आतडं साधारण ६ मीटर लांब असतं. लॉस एंजेलिसचे पेन आणि डीविंड यांनी आधी लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग थेट मोठ्या आतड्याला जोडून पाहिला. वजन झरझर उतरलं, पण जुलाब असे लागले की माणसं क्षार आणि पाणी गमावून बसू लागली. वजन पुरेसं उतरलं की आतडं परत पहिल्यासारखं जोडायचं, असा बेत होता. तसं जोडल्यावर वजन परत आलं! मग १९६९मध्ये त्यांनी दुसरी आखणी मांडली : सुरुवातीचं १४ इंच आणि शेवटचं ४ इंच एवढंच आतडं वाटेवर ठेवायचं. म्हणजे ६ मीटरपैकी जेमतेम ४५ सेंटिमीटर.

आपल्याकडे म्हणतात ना, खाल्लेलं अंगी लागत नाही. इथे ते मुद्दाम घडवून आणलेलं होतं. ही शस्त्रक्रिया हजारोंवर झाली आणि मागून तिची किंमत दिसू लागली. दिवसाचा बेत शौचालय कुठे आहे यावर ठरायचा. पोटॅशियम घसरायचं, मूतखडे व्हायचे, सांधे सुजायचे, काहींचं यकृत निकामी झालं आणि त्यात काही जण दगावले. १९८०च्या सुमारास ही पद्धत मागे पडली.

आणि इथेच आम्ही थबकलो. ज्यांचे असे हाल झाले त्यांना डॉक्टर सांगत होते, की आतडं पूर्ववत जोडून घ्या. त्यांतले कित्येक जण तयार होत नसत. यकृत बिघडतंय, खडे पुन्हा पुन्हा होताहेत, तरी नको. कारण एकच : वजन परत येईल. आता याला समाधान म्हणायचं का? या नकारातून ‘रुग्ण निर्णयावर खूश आहे’ असं अनुमान काढणं सोपं आहे. आम्हाला त्यात भीती ऐकू येते. घर सोडायला तयार नसलेला माणूस त्या घरात सुखी असतोच असं नाही. बाहेर त्याच्यासाठी काय वाढून ठेवलंय, हेही बघावं लागतं.

बाहेर काय होतं, याचा अंदाज १९९१च्या एका अभ्यासावरून येतो. फ्लोरिडातल्या रँड आणि मॅकग्रेगर यांनी ४७ जणांना प्रश्न विचारले. या सर्वांनी जठराच्या शस्त्रक्रियेनंतर ४५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं होतं. पुन्हा तेवढं लठ्ठ व्हायचं की बहिरं? सगळे म्हणाले, बहिरं. लठ्ठ राहून कोट्यधीश, की साध्या वजनाचा सामान्य माणूस? कोट्यधीश कुणालाच व्हायचं नव्हतं. पाय गेलेला चालेल, असं ४७पैकी ४३ जणांनी सांगितलं आणि अंधत्व चालेल, असं ४२ जणांनी. आम्ही हे आकडे तीनदा वाचले. ही यशस्वी रुग्णांची निवड होती हे खरं. ज्यांचं वजन उतरलंच नाही ते यात नाहीत. तरीही आमच्या मते हे उत्तर शस्त्रक्रियेपेक्षा समाजाबद्दल जास्त सांगतं. बसमधल्या सीटवर, नोकरीच्या मुलाखतीत, दवाखान्यात ज्याला रोज नजरा झेलाव्या लागल्या, तो माणूस दृष्टीसुद्धा पणाला लावायला तयार होतो.

मधली हकिकत थोडक्यात सांगतो. आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं, की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्यांचं वजन वाढत नाही. त्यावरून १९६६मध्ये त्यांनी गॅस्ट्रिक बायपास केला : जठराची छोटी पिशवी करायची आणि ती पुढच्या आतड्याला जोडायची. १९८०मध्ये त्यांनीच पिशवीच्या तोंडाशी पट्टी बसवण्याची पद्धत आणली. त्या पट्टीपाशी मांस, पाव अडकायचे, उलटी व्हायची. आइस्क्रीम मात्र सुरळीत खाली उतरायचं. माणसं आइस्क्रीमकडे वळली, वजन परत चढलं आणि ठपका कुणावर? रुग्णावर, पथ्य पाळलं नाही म्हणून! शस्त्रक्रियेनेच जे खाणं सोपं केलं, ते खाल्ल्याबद्दल माणूस स्वतःला दोष देत बसला. पश्चात्ताप म्हणतो तो हा, आणि आमच्या मते तो चुकीच्या पत्त्यावर पोचलेला आहे.

आता दुसरी बाजू. ही शस्त्रक्रिया म्हणजे फसवणूक, असा अर्थ कृपा करून काढू नका. स्वीडनमध्ये १९८७पासून लार्स शोस्ट्रोम यांच्या नेतृत्वाखाली हजारो रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू कमी आढळले. २००७मध्ये यूटामधल्या अभ्यासात तर गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचं मृत्यूचं एकूण प्रमाण ४० टक्क्यांनी कमी होतं आणि मधुमेहाने होणारे मृत्यू ९२ टक्क्यांनी. पण त्याच लेखात आणखी एक ओळ आहे. अपघात, आत्महत्या अशा, आजाराबाहेरच्या कारणांनी झालेले मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त होते. एकाच तक्त्यात दोन्ही!

असं का, याचं एकच उत्तर नाही. काही धागे दिसतात. बायपासनंतर दारू रक्तात लवकर भिनते. २०१२च्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत मद्यविकाराचं प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के होतं, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झालं. स्वीडनमध्ये असं दिसलं, की शस्त्रक्रियेनंतर जोडपी विभक्त होण्याचं प्रमाण वाढतं आणि एकट्या माणसांची लग्नं जमण्याचंही. म्हणजे पोट लहान केलं आणि घर हललं. लोंबणारी कातडी, गोड खाल्ल्यावर सुटणारा घाम आणि धडधड, आयुष्यभराच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या हे तर आहेच. खाणं हाच ज्याचा विरंगुळा होता, त्याला संध्याकाळी काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं.

अमेरिकी तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांनी २०१४च्या आपल्या पुस्तकात एक मुद्दा मांडला आहे, तो इथे उपयोगी पडतो. काही अनुभव असे असतात, की ते घेतल्याशिवाय कसे असतात हे कळत नाही आणि घेतल्यावर आपल्या आवडीनिवडी मोजणारा माणूसच बदललेला असतो. पॉल यांचं गाजलेलं उदाहरण मूल होण्याचं आहे. आम्हाला वाटतं, ही शस्त्रक्रिया त्याच जातीची आहे. संमतीपत्रावर सही करणारा एक आणि दहा वर्षांनी उत्तर देणारा दुसरा. दुसरा जेव्हा ‘पश्चात्ताप नाही’ म्हणतो, तेव्हा तो पहिल्याच्या वतीने बोलू शकतो का? आमच्याकडे याचं पक्कं उत्तर नाही. पण ‘होतो’ म्हणणाऱ्यालाही तोच प्रश्न लागू आहे, हे आपण सहसा विसरतो. वर्षभराने विचारलं तर एक उत्तर मिळतं. वजन थोडं परत आल्यावर, सहाव्या वर्षी, वेगळं.

१९९१मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली. त्यांनी निकष ठरवून दिले : बॉडी मास इंडेक्स ४०च्या वर, किंवा ३५च्या वर आणि जोडीला गंभीर आजार. शिवाय रुग्णावर जन्मभर वैद्यकीय लक्ष हवं, असंही बजावलं. प्रत्यक्षात काय होतं? पहिल्या वर्षी बहुतेक सगळे तपासणीला येतात. मग येणारे कमी होत जातात. कुणाला बरं वाटतं म्हणून येत नाही, कुणाला डॉक्टरांसमोर परत वाढलेलं वजन दाखवायची लाज वाटते म्हणून. दोघांच्याही फाइलमध्ये पुढची पानं कोरीच असतात आणि समाधानाची टक्केवारी निघते ती आलेल्यांवरून.

वेळ संपत आली आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरी हा अनुभव असेल आणि बोलायची इच्छा असेल, तर माईक तिकडे देऊ.