हिरकणी, नीरेचा पूल आणि पोर्ट २२

परवाच्या शनिवारी सारोळ्याला मामांकडे गेलो होतो. पुण्याहून सातारा रस्त्याने निघालात की नीरेच्या पुलाच्या अलीकडे सारोळे. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. मामांचं दूध संकलन केंद्र आहे. कुणाचं दूध किती, फॅट किती, दहा दिवसांचा पगार किती, हा सगळा हिशोब मी लिहिलेल्या एका छोट्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. ते एका मॅनेज्ड सर्व्हरवर चालतं. अपडेट आणि बॅकअप होस्टिंगवाले बघतात, बाकी आपण.

लॉग चाळले तर कोण कुठले लोक रात्रंदिवस रूटचा पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत होते. म्हटलं, चला, आज पासवर्डच बंद. फक्त कीने लॉगिन. पाच मिनिटांचं काम! की बनवली, सर्व्हरवर टाकली, पासवर्ड बंद, रूट लॉगिन बंद, सर्व्हिस रीस्टार्ट, लॉगआउट. आणि मग... 'परमिशन डिनाइड'. पब्लिक की मी रूटच्या खात्यात टाकली होती आणि रूटलाच दार बंद केलं होतं! संध्याकाळी पगार काढायचा होता, आणि ती स्क्रिप्ट मी आत जाऊन हाताने चालवतो. गप्प तिकीट टाकलं आणि वाट बघत बसलो.

"पण एवढी कुलपं कशाला रे?" मामांनी विचारलं. मग सांगत बसलो.

दूरच्या मशीनवर बसल्या जागेवरून काम करायची सोय जुनी आहे. टेलनेट १९६९ चं. पण तेव्हा नेटवर्कवर मोजकी, एकमेकांना ओळखणारी माणसं होती. त्यामुळे पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा, पोस्टकार्डावर लिहावा तसा. मधला कुणीही वाचू शकायचा. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात नेमकं तेच झालं. नेटवर्कवर कुणीतरी 'स्निफर' बसवून हजारो पासवर्ड गोळा केले. तिथला संशोधक तातू यलोनेन याने मग स्वतःच एक प्रोग्राम लिहिला : सिक्युअर शेल, म्हणजे एसएसएच. एफटीपीचं पोर्ट २१, टेलनेटचं २३, मधलं २२ रिकामं होतं. त्याने ई-मेल करून ते मागितलं आणि दुसऱ्या दिवशी मिळालंसुद्धा! जुलै १९९५ मध्ये प्रोग्राम जगासाठी खुला झाला. गंमत म्हणजे महिन्याभरात, १५ ऑगस्टला, व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे आपल्याकडे दार आलं तेव्हा जगात कुलूप नुकतंच तयार झालं होतं.

दार नीट बंद नसलं तर काय होतं, हे आपण जून १९९८ मध्ये पाहिलं. पोखरणच्या चाचण्यांनंतर 'मिलवर्म' नावाच्या पोरांच्या टोळीने तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये शिरून ई-मेल पळवले आणि वेबपानावर स्वतःचा मजकूर लावला. त्यातली बरीचशी पोरं विशीच्या आतली होती.

पुढे एसएसएचच्या नव्या आवृत्त्यांचा परवाना कडक होत गेला. तेव्हा ओपनबीएसडीवाल्यांनी जुन्या मुक्त कोडवरून ओपनएसएसएच बनवलं. ते डिसेंबर १९९९ मध्ये आलं. आज बहुतेक सर्व्हरवर तेच असतं.

"पण किल्ली तर तूसुद्धा तारेवरूनच पाठवतोस ना?" मामांचा प्रश्न बिनतोड होता. नाही! तीच तर खुबी. जुन्या कागदांवर मोर्तब असायचं तसं समजा. कागदावरचा ठसा बघून ओळख पटते, शिक्का धन्याकडेच राहतो. प्रायव्हेट की माझ्या लॅपटॉपवरून हलत नाही. जाते ती फक्त तिने केलेली सही, आणि तीही दर वेळी वेगळी.

तासाभराने होस्टिंगवाल्यांनी कन्सोलवरून माझी की योग्य खात्यात ठेवली. पगार निघाला. मामा मात्र विचारात पडले. "म्हणजे तुझं दार बंद होतं, तरी ते आत गेले?"

हो, गेले. मॅनेज्ड सर्व्हरचा अर्थच तो. एक चोरदरवाजा धन्याला माहीत असलेला, आणि तो सांभाळणाऱ्यावर ठेवलेला विश्वास. हा विश्वास आंधळा नसावा हे २०२४ च्या मार्चमध्ये पुन्हा कळलं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. खोदत गेला, तर एक्सझेड नावाच्या साध्या लायब्ररीत कुणीतरी लपवलेला चोरदरवाजा सापडला. अर्धा सेकंद! आपण तर चहा घ्यायला उठलो असतो.

मला हिरकणी आठवली. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले आणि घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. सन्मान केला, आणि ती उतरली तिथे बुरुज बांधला. सुरक्षेचं शास्त्र ते हेच! वाट सापडली की सापडवणाऱ्यावर चिडायचं नाही, तिथे बुरुज बांधायचा.

माझा बुरुज साधा आहे. एक सेशन उघडं ठेवायचं, दुसऱ्या खिडकीतून नव्या कीने लॉगिन करून बघायचं आणि मगच पहिलं बंद करायचं. मामांनी तर केव्हाच बांधलाय. त्या तासाभरात त्यांनी सगळ्यांचा पगार वहीत हाताने मांडून ठेवला होता. आमच्या स्क्रिप्टशी पैशापैशाने जुळला :-)