चोवीस महिन्यांचे कलम

२००५ च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीहून ताईचा फोन आला. दाजींना पक्षाघाताचा झटका आला होता. वय ५८. उजवा हात गेला, बोलणे अडखळू लागले आणि पाठोपाठ नोकरीही सुटली.

"तिकडं म्हाताऱ्यांना आणि अपंगांना सरकारी विमा असतो ना?" मी विचारले.

"असतो. पण अपंगत्वाचा भत्ता सुरू व्हायला पाच महिने, आणि भत्ता सुरू झाल्यावर मेडिकेअरला चोवीस महिने."

"आजारी माणसानं चोवीस महिने का थांबायचं?"

"ते तू शोध. तुला जुने कागद चाळायची खाज आहे ना."

दाजी १९७८ साली इंजिनियर म्हणून गेले. अमेरिकेची दारे आपल्या लोकांना उघडली ती ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने. मेडिकेअरचा कायदा त्याच्या दोनच महिने आधीचा. त्यांच्या पगारातून मेडिकेअरचा कर कापला जाई. अलीकडच्या वर्षांत तो १.४५ टक्के होता आणि तितकाच मालक भरत असे. म्हणजे ताईचा प्रश्न फुकट मागणाऱ्याचा नव्हता. माझे इंग्रजी अर्ज-विनंत्यांपुरतेच, पण शब्दकोश जवळ घेऊन मी बसलो.

पहिला धडा असा मिळाला की मेडिकेअर कुणी एका बैठकीत आखलेली योजनाच नव्हे. माणूस बुचकळ्यात पडतो तो इथेच. रुग्णालयाचा खर्च 'भाग ए' मध्ये, डॉक्टरांची बिले 'भाग बी' मध्ये, आणि बी साठी दरमहा वेगळा हप्ता. एकाच आजाराची अशी वाटणी का? राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९४५ मध्ये सर्वांसाठी आरोग्यविमा मागितला होता. डॉक्टरांच्या संघटनेने 'समाजवादी वैद्यक' म्हणून त्याविरुद्ध रान उठवले आणि तो बुडाला. पुढे मागणी आकसत आकसत वृद्धांच्या रुग्णालय खर्चावर आली. १९६५ मध्ये तीन प्रस्ताव समोर होते: सरकार पक्षाचा, पगारातील करावर चालणारा रुग्णालय विमा, विरोधी रिपब्लिकनांचा, हप्ता भरून डॉक्टरांच्या बिलांचा ऐच्छिक विमा, आणि डॉक्टरांच्या संघटनेचा, राज्यांमार्फत गरजूंना मदत. यांपैकी एक निवडला जाईल असे सगळे धरून चालले होते. प्रतिनिधिगृहाच्या करविषयक समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी तिन्हींची मोट बांधली. पहिल्याचा भाग ए झाला, दुसऱ्याचा बी, आणि तिसऱ्याच्या धर्तीवर गरिबांसाठीचे मेडिकेड. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मिसुरीत, ट्रूमन यांच्या गावी जाऊन सही केली आणि पहिले कार्ड त्या म्हाताऱ्याच्या हाती दिले. भाग बी चा हप्ता तेव्हा ३ डॉलर होता. दात, चष्मा, श्रवणयंत्र मात्र बाहेरच राहिले. ६५ च्या माणसाला नेमके हेच लागते, ही गंमत.

अपंग त्या कायद्यात नव्हतेच. ते आले ३० ऑक्टोबर १९७२ च्या दुरुस्तीने, निक्सन यांच्या सहीने, आणि लागू झाले १ जुलै १९७३ पासून. चोवीस महिन्यांचे कलमही तिथलेच. कायदेमंडळाच्या अहवालांत कारणे सरळ दिली आहेत: खर्च आवाक्यात राहावा, खासगी विम्याशी दुहेरी होऊ नये, आणि अपंगत्व खरोखर गंभीर व दीर्घकाळचे आहे हे सिद्ध व्हावे. तिसरे कारण मी पुन:पुन्हा वाचले. ते सिद्ध होते माणूस चोवीस महिने तगला म्हणजे. न तगला, तर खर्चाचा प्रश्नच मिटतो. हे असे कुणी मुद्दाम योजले असे मी म्हणणार नाही, पण हिशेब तसाच पडतो.

त्याच दुरुस्तीत एक अपवाद आहे. ४ नोव्हेंबर १९७१ रोजी शेप ग्लेझर नावाचा मूत्रपिंडाचा रुग्ण त्याच करविषयक समितीपुढे साक्षीला आला. सोबत डायलिसिसचे यंत्र होते आणि समितीसमोरच, काही मिनिटे का होईना, त्याचे रक्त त्या यंत्रातून फिरवण्यात आले. त्याचा कायद्यावर किती परिणाम झाला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरला सिनेटमध्ये, शनिवारी, अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर ५२ विरुद्ध ३ मतांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीची दुरुस्ती मंजूर झाली. वयाची अट नाही, आणि डायलिसिसवाल्यांना थांबणे साधारण तीन महिन्यांचे. पक्षाघाताच्या माणसाला घेऊन असे समितीपुढे कोण जाणार? त्याला दाखवायला यंत्र नसते.

सरकारला घाई करता येत नव्हती असेही नाही. काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवणाऱ्या रुग्णालयांना मेडिकेअरचा पैसा मिळणार नाही, असे १९६६ च्या वसंतात बजावण्यात आले. सुमारे हजार तपासनीस देशभर हिंडले आणि दक्षिणेतल्या कित्येक रुग्णालयांनी पिढ्यानपिढ्यांचे वेगळे वॉर्ड काही महिन्यांत मोडले. हे वाचले तेव्हा ताईला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं ते. पण आमचा हप्ता?"

त्यांचा हप्ता म्हणजे जुन्या नोकरीचा गटविमा. नोकरी गेल्यावर तो १८ महिने स्वतःच्या खर्चाने चालू ठेवता येतो; मालकाचा वाटाही आपणच भरायचा. अपंगांना आणखी ११ महिने मिळतात, पण त्या काळात खर्चाच्या दीडपट आकारता येते. अठरा आणि अकरा, एकोणतीस. पाच आणि चोवीस, एकोणतीस. ही बेरीज मी कागदावर मांडली तेव्हा चमकलो. ही जादा मुदत १९८९ साली दिली गेली, ती या खड्ड्याच्या मापानेच. खड्डा बुजवला नाही, त्यावर टोलनाक्याचा पूल टाकला. टोल ज्याला झेपेल त्याने पलीकडे जावे. ताईच्या घरात तो झेपला, कारण ती स्वतः नोकरीत होती आणि दाजींनी साताऱ्याजवळची जमीन विकली. त्या जमिनीवर परत येऊन घर बांधायचे होते.

२००१ पासून एएलएस या मज्जासंस्थेच्या आजाराला चोवीस महिन्यांची सूट मिळाली, कारण त्याचे बहुतेक रुग्ण फार वर्षे जगत नाहीत. बाकीच्यांसाठी कलम अजून कायम आहे.

दाजींचे कार्ड २००७ च्या नोव्हेंबरात टपालाने आले. त्यावर तारीख होती १ फेब्रुवारी २००८. तेव्हाच्या कागदी कार्डावर सहीसाठी रेघ असे. दाजींनी डाव्या हाताने सही केली आणि ताईने तिचा फोटो मला पाठवला. 'देशमुख' मधला ख रेघेबाहेर गेला होता.