कटिंग रूम स्क्वेअर: मँचेस्टरच्या गिरणगावातला चौक

मुंबईला एकेकाळी ‘पूर्वेचे मँचेस्टर’ म्हणत. ज्या शहरावरून हे बिरुद आले, त्या मँचेस्टरचे स्वतःचे गिरणगाव म्हणजे अँकोट्स. शहराच्या मध्यभागापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या गिरण्या थंडावल्या, वस्ती पांगली, इमारती मोडकळीला आल्या. आणि एकविसाव्या शतकात त्याच इमारतींच्या मध्ये ‘कटिंग रूम स्क्वेअर’ नावाचा एक चौक उभा राहिला. गिरणी बंद पडल्यावर तिच्या जागेचे काय करायचे, या प्रश्नाशी आपलाही जुना संबंध आहे. म्हणून हा चौक पाहायला मी मुद्दाम गेलो.

अँकोट्सचा इतिहास सुतापासून सुरू होतो. सॅम्युएल क्रॉम्प्टनच्या ‘म्यूल’ यंत्रामुळे १७७९ नंतर अतिशय तलम सूत यंत्रावर कातता येऊ लागले. स्कॉटलंडहून आलेल्या अ‍ॅडम आणि जॉर्ज मरे या भावांनी १७९८मध्ये इथे वाफेवर चालणारी गिरणी बांधली. ती आजही उभी आहे. शेजारीच मॅकॉनेल आणि केनेडी यांच्या गिरण्या होत्या. १८०४मध्ये रॉचडेल कालवा पूर्ण झाला आणि कोळसा, कापूस थेट दारात येऊ लागला. १८२६मध्ये प्रशियाचा वास्तुकार शिंकेल इथे आला, तेव्हा कालव्याकाठच्या या सहा-सात मजली भिंतींची रेखाटने त्याने करून ठेवली. १८४५च्या आपल्या पुस्तकात एंगल्सने याच गिरण्यांच्या सावलीतल्या बैठ्या घरांचे वर्णन केले.

आपल्या दृष्टीने एक बारकावा महत्त्वाचा. अमेरिकी यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५मध्ये, लँकेशायरला रुई पुरवून मुंबईच्या व्यापाऱ्यांनी अमाप पैसा केला, हे सर्वांना माहीत असते. पण अँकोट्सचे नाव होते ते तलम सुताबद्दल, आणि त्यासाठी लांब धाग्याचा कापूस लागे. आपली आखूड धाग्याची रुई त्या कामाची नव्हती. तेव्हा अँकोट्सशी आपले नाते रुईपुरते शोधून भागत नाही. ज्या तलम कापडासाठी डाक्क्याचे विणकर जगभर ओळखले जात, त्याच्याशी स्पर्धा करणारे सूत अशा गिरण्यांत निघत होते. पुढे कावसजी दावर यांनी १८५४मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, ती लँकेशायरची यंत्रे मागवूनच. आपले सूतखाते आणि साचाखाते त्याच यंत्रांवर उभे राहिले.

माणसांची गोष्टही ओळखीची वाटते. आपल्या गिरणगावात कोकण-घाटावरून लोक आले, तसे अँकोट्समध्ये आयर्लंडहून आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीहूनही. वस्ती इतकी दाट, की मोकळी जागा म्हणून जवळपास नव्हतीच. गिरणी, घर, चर्च, गुत्ता आणि मधल्या अरुंद गल्ल्या. म्हणजे आज जो चौक आपण ‘जुन्या औद्योगिक वस्तीतला चौक’ म्हणून पाहतो, तशी जागा त्या वस्तीतल्या कामगारांच्या वाट्याला कधी आली नव्हती.

चौकाचे नावही विचार करण्यासारखे आहे. कटिंग रूम म्हणजे कपडे शिवण्याआधी कापड बेतून कापायची खोली. अँकोट्स तर सूतकताईचे. मग हे नाव कुठून आले? विसाव्या शतकात कताई मंदावली, तेव्हा गिरण्यांच्या रिकाम्या मजल्यांवर तयार कपड्यांचे छोटे कारखाने आले. नाव त्या शेवटच्या, उताराच्या काळाची आठवण ठेवते. चौकात पाच उंच स्तंभवजा फलक आहेत. त्यांवर डॅन डुबोविट्झ या कलाकाराने टिपलेली, दुरुस्तीपूर्वीच्या ओसाड दालनांची छायाचित्रे आहेत. आसपासच्या भिंतींत त्यानेच बसवलेली पितळी छिद्रे आहेत. डोळा लावला की आत बंद करून ठेवलेली एखादी जागा दिसते.

चौकाच्या कडेला १८५९-६०मध्ये बांधलेले सेंट पीटर्स चर्च आहे. बरीच वर्षे ते पडीक होते. आता तिथे १८५८मध्ये स्थापन झालेला हॅले वाद्यवृंद तालीम करतो. बाकी बाजूंना खाण्यापिण्याची ठिकाणे. बाकांवर बसायला कोणी पैसे मागत नाही. मी तासभर बसलो. विटा जपलेल्या, पायाखालची फरसबंदी नेटकी. खटकली ती एकच गोष्ट. रिकाम्या दालनांचे फोटो आहेत, पण त्या दालनांत बारा-चौदा तास उभ्या राहणाऱ्या बायका आणि मुले चौकात कुठे दिसत नाहीत. १८३०च्या दशकात एकट्या मॅकॉनेल-केनेडीकडे पंधराशेच्या आसपास कामगार होते.

तरीही हा चौक झाला कसा, हे समजून घेतले पाहिजे. १९८९मध्ये अँकोट्सला संरक्षित परिसराचा दर्जा मिळाला. नंतर सरकारच्या प्रादेशिक विकास संस्थेने सक्तीच्या खरेदीचा अधिकार वापरून विखुरलेल्या मालकांकडून जागा ताब्यात घेतल्या, पडायला आलेल्या गिरण्या सावरल्या. २०१४पासून महापालिकेच्या भागीदारीत अबू धाबीचे भांडवल आले आणि मरे बंधूंच्या गिरणीत सदनिका झाल्या. त्या कोणाला परवडतात, हा वाद तिथेही आहे. पण क्रम लक्षात घ्यावा: आधी जमीन सार्वजनिक हातात आली, मग चौक झाला.

मुंबईत हा क्रम उलटला. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकासाठी. १९९६मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने या जमिनींचा एकत्रित आराखडा मांडला. त्यात परळ-एल्फिन्स्टन रोड स्थानकांच्या परिसरात पादचाऱ्यांसाठी ऐसपैस चौक सुचवलेला होता. २००१मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, इमारतीखालची धरायची नाही. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. गिरण्या पाडून कार्यालये आणि मनोरे झाले. लोकांची ये-जा मात्र त्याच जुन्या जिन्यांवरून होत राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली.

एक चौक असता तर ती वाचली असती, असे म्हणणे सोपे आहे आणि ते सिद्ध करता येणार नाही. पण हजारो माणसे जिथे रोज उतरणार, तिथे त्यांना उभे राहायला जागा लागेल, हे एकवीस वर्षे आधी कागदावर लिहिलेले होते. फिनिक्सची चिमणी आज मॉलच्या आवारात उभी आहे, लोक तिच्याखाली फोटो काढतात. चिमणी राखणे म्हणजे इतिहास राखणे, असा समज आपण करून घेतला आहे. अँकोट्सच्या चौकात कामगारांचा चेहरा नाही, ही त्याची उणीव. मात्र तिथे बसण्याचा हक्क सर्वांना आहे. गिरणगावात चेहरे आठवणारी माणसे अजून हयात आहेत. त्यांना बसायला जागा हवी आहे.