धर्माबादची मिरची पावडर : घरचा कारखाना वाढवताना कुठे अडतं, कुठे जमतं?

धर्माबाद : तेलंगणाच्या सीमेवरचं धर्माबाद ओळखलं जातं ते लाल मिरचीच्या बाजारासाठी. मिरची दळून पावडर विकणारे छोटे कारखाने बहुतेक घरचेच. वडील खरेदी बघतात, मुलगा विक्री, घरातल्या बाया हिशेब आणि पॅकिंग. पण एका पिढीने उभा केलेला धंदा दुसऱ्या पिढीत वाढतोच असं नाही.

पैसा अडतो कुठे?

वाळलेल्या मिरचीची मुख्य आवक साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. पावडर मात्र वर्षभर विकायची. त्यामुळे तीन महिन्यांत वर्षाचा माल भरावा लागतो. समजा 100 क्विंटल मिरची 15 हजार रुपये क्विंटलने घेतली, तर 15 लाख रुपये गुंतले. दहा टक्के व्याजाने महिन्याला साडेबारा हजार रुपये जातात. त्यात व्यापाऱ्याने दोन महिने उधारी ठेवली की नफा तिथेच संपतो. पुढे भाव पडला तर मुद्दलालाही धक्का.

उधारीवर कायदा काय सांगतो?

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर केला तर आयकर कायद्यानुसार खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच मिळते. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. एजंटाला पैसे द्यायची गरज नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हे संरक्षण मिळत नाही.

दर्जा हाच ब्रँड

सुट्या पोत्यातल्या पावडरीला नाव नसतं, म्हणून भावही गिऱ्हाईक ठरवतो. पाकिटावर नाव आलं की जबाबदारीही येते. अन्नसुरक्षा मानकानुसार मिरची पावडरीत ओलावा 11 टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि वरून घातलेला रंग अजिबात नको. 2005 मध्ये ब्रिटनमध्ये 'सुदान-1' हा रंग असलेल्या मिरची पावडरीमुळे शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले होते. एका भेसळीने अख्ख्या बाजाराचं नाव जातं, ते असं.

रंग हवा तर ब्याडगी, तिखटपणा हवा तर तेजा, असं मिश्रण ठरवून दरवेळी तेच ठेवणं, हे घरच्या कारखान्याला सहज जमण्यासारखं आहे. ओली मिरची भरली की बुरशी लागते. ताडपत्रीवर नीट वाळवणं आणि शीतगृहात ठेवणं इथे कामी येतं.

मदत कुठे?

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, कर्जाशी जोडलेलं अनुदान ठरलेलं आहे. अर्ज करण्याआधी कृषी कार्यालयात योजनेची सध्याची स्थिती विचारून घ्यावी. हे अनुदान यंत्रसामग्रीसारख्या खर्चासाठी आहे, मिरची भरायला नाही. खेळत्या भांडवलासाठी बँकेकडे कॅश क्रेडिट वेगळं मागावं लागतं, आणि त्यासाठी जीएसटी विवरणपत्रं व बँकेतून झालेले व्यवहार लागतात. रोखीतला धंदा बँकेला दिसत नाही.

घरातला हिशेब

शेवटचा अडसर घरातच असतो. दुकानाचा गल्ला आणि घरखर्च एकच असेल तर नफा किती झाला, हेच कळत नाही. दोन्ही खाती वेगळी करा, राबणाऱ्या मुला-सुनेचा पगार लिहा, भागीदारी कागदावर आणा. भाऊ वेगळे झाले तरी गिरणी चालू राहते ती यामुळेच. आणि गिरणी चालली, तर मिरचीचे देठ खुडून पोट भरणाऱ्या बायांचा रोजही चालू राहतो.