तालीम फुटबॉल, कोल्हापूरचा
कोल्हापूर शहरातील पेठांच्या तालमी व तरुण मंडळे यांच्या संघांची फुटबॉल-परंपरा. ‘तालीम’ हा मूळचा अरबी शब्द शिक्षण या अर्थाचा; मराठीत तो कुस्तीच्या आखाड्यासाठी रूढ झाला. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) संस्थानच्या आश्रयाने शहरातील तालमी भरभराटीस आल्या (पहा : कुस्ती, खासबाग मैदान). पुढे याच तालमींनी फुटबॉल संघ उभे केले. त्यामुळे येथील क्लब विद्यापीठाचा किंवा कारखान्याचा नसून पेठेचा असतो, हे या परंपरेचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य होय. मंगळवार पेठेतील पाटाकडील तालीम मंडळ व शिवाजी पेठेतील शिवाजी तरुण मंडळ हे जुने प्रतिस्पर्धी. दिलबहार, खंडोबा व बालगोपाल या तालमी आणि प्रॅक्टिस क्लब हेही प्रमुख संघ आहेत. तालमीची इमारत हीच संघाची बैठकीची जागा. गणेशोत्सवही तेच मंडळ साजरा करते. सामने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) नियंत्रणाखाली राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात. क्रिकेटप्रधान महाराष्ट्रात स्थानिक फुटबॉलला मोठा प्रेक्षकवर्ग लाभलेले हे शहर आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळला.